विसाव्याचे गाव : साखरखेर्डा

शहरात राहणाऱ्या मनुष्याच्या गरजांची यादी केली तर तीत विसाव्याला आता बरेच वरचे स्थान द्यावे लागेल. त्याच्या घरी पंखा आहे, नळ आहे, दाराशी वाहन आहे. परंतु रात्री गाढ झोप नाही आणि दिवसा उसंत नाही. म्हणून सुटीचे दोन-चार दिवस मिळताच तो थंड हवेचे ठिकाण, समुद्रकिनारा किंवा तीर्थक्षेत्र गाठतो. तेथे त्याच्यासारखेच हजारो लोक आलेले असतात. एका गर्दीतून निघावे आणि दुसऱ्या गर्दीत जाऊन पडावे, असे त्याचे होते. वास्तविक त्याला हवी असलेली शांतता पुष्कळदा त्याच्या वाटेवरच, एखाद्या साध्या खेड्यात असते. मात्र तेथे थांबावे कोठे, जेवावे कोठे आणि आपण आलेले गावास आवडेल की नाही, हे त्याला ठाऊक नसते.

बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेड राजा तालुक्यातील साखरखेर्डा हे असेच एक वाटेवरचे गाव आहे. नागपूर आणि मुंबई यांना जोडणारा ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि उरलेला शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. मेहकर व सिंदखेड राजा या दोन्ही ठिकाणी त्या मार्गावरून उतरता येते. लोणारचे सरोवर पाहावयास येणारे प्रवासी याच टापूतून जातात, सरोवराच्या काठावर तासभर उभे राहतात आणि मुक्कामास शहराकडे परततात. त्यांच्यापैकी काहींनी एक-दोन रात्री खेड्यात काढल्या तर त्यांना विसावा मिळेल आणि शेतकऱ्याच्या घरात चार पैसे येतील. हे कसे साधावे आणि ते साधताना गावाने काय सांभाळावे, याचा विचार साखरखेर्ड्याच्या उदाहरणावरून येथे केला आहे.

गावाचे नाव आणि त्याची गंमत

प्रत्येक गावास स्वतःचा असा एखादा विशेष असतो. साखरखेर्ड्याचा विशेष त्याच्या नावातच दडलेला आहे. इ. स. १७२४ च्या ऑक्टोबर महिन्यात या गावापाशी एक मोठी लढाई झाली. एका बाजूस निजाम-उल्-मुल्क, तर दुसऱ्या बाजूस हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान. दिल्लीच्या बादशहाने दक्षिणेचा कारभार निजामाकडून काढून मुबारिझखानाकडे देण्याचे ठरविले होते. त्या वादाचा निकाल या रणांगणावर लागला. मुबारिझखान लढाईत मारला गेला. पहिले बाजीराव पेशवे मराठ्यांच्या फौजेनिशी या मोहिमेत निजामाच्या साहाय्यास होते, असे इतिहासात नमूद आहे. या विजयाने दक्षिणेत निजामाचा अंमल पक्का झाला आणि हैदराबादच्या आसफजाही राज्याचा पाया घातला गेला. ते राज्य पुढे सव्वादोनशे वर्षे, म्हणजे १९४८ पर्यंत टिकले.

विजयाची आठवण राहावी म्हणून निजामाने गावाचे नाव बदलून ‘फतहखेर्डा’ असे ठेवले. फतह म्हणजे विजय. इंग्रजी अमदानीतील सरकारी ग्रंथांतूनही हे नाव आढळते. परंतु लोकांच्या जिभेवर बसलेली साखर काही हटली नाही. राज्ये आली आणि गेली, कागदावरचे नावही मागे पडले. गाव मात्र साखरखेर्डाच राहिले. ज्या शिवारात एके काळी तोफा गर्जल्या तेथे आज सोयाबीन आणि तूर डोलते. बाहेरून आलेल्या मनुष्याला ही एवढी एक गोष्ट एखाद्या जाणत्या गावकऱ्याने ओट्यावर बसून सांगितली तरी त्याला गाव वेगळे दिसू लागते.

गावात वीरशैव परंपरेचा पलसिद्ध मठ आहे. गोंदवलेकर महाराजांच्या परंपरेतील प्रल्हाद महाराज रामदासी यांचेही हे गाव असून त्यांच्यामुळे येथील राममंदिराकडे दूरदूरचे भाविक येतात. जुनी मशीदही गावात आहे. तेव्हा परगावच्या माणसाला जेवू घालणे व त्याची सोय पाहणे ही गोष्ट साखरखेर्ड्यास नवी नाही. उत्सवाला येणारा भाविक आणि विसाव्याला येणारा पाहुणा यांच्यात फरक एवढाच की, पहिला देवासाठी येतो आणि दुसरा गावासाठी.

पाहुण्यास काय हवे असते

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. शहरातला पाहुणा येणार म्हटले की त्याच्यासाठी रंगीत दिवे, ध्वनिक्षेपक, फरशीचे कारंजे आणि शहरी पद्धतीचे जेवण यांची तयारी करावी, असे काहींना वाटते. परंतु या गोष्टी त्याच्या घराजवळच आहेत आणि त्यांनाच कंटाळून तो आलेला असतो. त्याला हवा असतो तो गावाचा नित्याचा क्रम. पहाटे कोंबडा आरवावा, गोठ्यातील वासराने हंबरावे, चुलीचा धूर आणि भाकरीचा वास यावा, सकाळच्या उन्हात शेताच्या बांधावरून चालावे, दुपारी लिंबाच्या सावलीत बाजेवर पडावे आणि रात्री अंगणात बसून चांदण्या मोजाव्यात, यातच त्याचा विसावा असतो. गावकऱ्याला यात विशेष असे काही वाटत नाही. कारण जे रोजचे असते त्याची किंमत कळत नाही.

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग पडतात. साखरखेर्डा घाटावर आहे. हिवाळ्यात येथील रात्री चांगल्या थंड असतात व आकाश निरभ्र असते. जेवणात भाकरी, ठेचा, झुणका, वांग्याचे भरीत आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले रोडगे हे या भागाचे पदार्थ. शेतातल्या झाडाखाली रोडगे व वांग्याच्या भाजीचा बेत केला तर त्याची गोडी पाहुणा वर्षभर विसरत नाही. त्यासाठी बाजारातून फारसे काही आणावे लागत नाही, ही त्यातली मोठी सोय.

ज्याला शेतीची आवड आहे त्याला या भागात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. सिंदखेड राजा व देऊळगाव राजा या तालुक्यांतील अनेक शेतकरी शेडनेटमध्ये भाजीपाल्याच्या संकरित बियाण्याचे उत्पादन घेतात. एकेका फुलाचे हाताने परागीकरण करण्याचे ते नाजूक काम पाहिले म्हणजे बाजारातील बियाण्याच्या पुडीमागे केवढे कष्ट असतात, हे शहरवासीयास कळते. मात्र असे शेत पाहावयास नेण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्यावी. परकी माणसे आत शिरल्याने बीजोत्पादनाच्या पिकाचे नुकसान होऊ शकते.

एका दिवसाच्या फेरीत

मुक्काम साखरखेर्ड्यास ठेवून आसपासची स्थळे पाहता येतात. लोणारचे सरोवर उल्कापाताने बसाल्ट खडकात निर्माण झाले असून त्याच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. पाणी खारट व अल्कधर्मी आहे. २०२० च्या जून महिन्यात ते पाणी गुलाबी झाले होते. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तसे घडल्याचे तपासणीत आढळले. त्याच वर्षी या सरोवरास रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. लोणार गावातील दैत्यसूदन मंदिराचे कोरीव काम पाहण्याजोगे आहे.

तालुक्याचे ठिकाण असलेले सिंदखेड राजा हे राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान. लखुजी जाधवांचा राजवाडा, त्यांची समाधी आणि मोती तलाव ही तेथील प्रमुख स्थळे होत. दरवर्षी १२ जानेवारीस जिजाऊ जन्मोत्सवानिमित्त तेथे मोठा जनसमुदाय लोटतो. विसाव्यासाठी येणाऱ्याने तो दिवस टाळावा किंवा मुद्दाम तो दिवस साधून यावे, हे त्याच्या आवडीवर आहे. मेहकर येथे शारंगधर बालाजीची भव्य मूर्ती आहे, ती १८८८ साली सापडली. देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा राजा हे संत चोखामेळा यांचे जन्मस्थान मानले जाते. ही स्थळे धावतपळत न पाहता रोज एक याप्रमाणे पाहिली तर दोन-तीन दिवस आनंदात जातात आणि प्रत्येक संध्याकाळी गावातल्या अंगणात परतता येते.

इतर गावांचा अनुभव

महाराष्ट्रातील काही गावांनी हा मार्ग आधी चोखाळला आहे. बारामती तालुक्यातील पळशीवाडी येथे २००५ च्या सुमारास कृषी पर्यटनाचा पथदर्शी प्रयोग सुरू झाला आणि शेतावर पाहुणे ठेवून उत्पन्न मिळू शकते, हे अनेक शेतकऱ्यांच्या ध्यानात आले. सातारा जिल्ह्यातील भिलार हे स्ट्रॉबेरीचे गाव. तेथे राज्य शासनाने ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ हा उपक्रम सुरू केला. गावातील घरे, देवळे, शाळा अशा पंचवीस ठिकाणी पुस्तके ठेवली गेली. पाहुण्याने एखाद्या घराच्या ओसरीत शिरावे, पुस्तक उघडावे आणि हवा तितका वेळ वाचीत बसावे, अशी ती रचना. भिलारपासून घेण्याजोगा धडा असा की, पाहुण्यासाठी मोठा खर्च करून इमारत उभारावीच लागते असे नाही. असलेली ओसरी पुरते, मात्र ती स्वच्छ व मोकळी हवी.

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात पुरुषवाडी नावाचे आदिवासी गाव आहे. पावसाळ्याच्या तोंडावर तेथील झाडांवर काजव्यांचा लखलखाट होतो व तो पाहण्यासाठी लोक येतात. पाहुणे गावातील घरांतून पाळीपाळीने जेवतात व राहतात, त्यामुळे उत्पन्न एकाच घरात न साचता गावात पसरते. परंतु त्याच परिसरातील अनुभव दुसरी बाजूही दाखवितो. काजव्यांच्या हंगामात वाहनांची रीघ लागली, दिवे आणि गोंगाट वाढला म्हणजे काजव्यांनाच अपाय होतो आणि वन खात्यास निर्बंध घालावे लागतात. ज्या गोष्टीसाठी पाहुणा येतो तीच पाहुण्यांच्या गर्दीने नाहीशी होऊ शकते. शांततेचेही तसेच आहे. साखरखेर्ड्यासारख्या गावाजवळ विकण्याजोगे जे आहे ते शांतता हेच; ते एकदा संपले की पुन्हा पेरून उगवत नाही.

पाण्याचा हिशेब आधी

पाहुणचाराची योजना आखताना या जिल्ह्यात सर्वांत आधी पाण्याचा हिशेब मांडला पाहिजे. घाटावरची शेती मुख्यतः पावसावर अवलंबून आहे आणि उन्हाळ्यात अनेक गावांतील विहिरी तळ गाठतात. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. चार पाहुणे दोन दिवस राहिले तर एवढ्या प्रमाणानेसुद्धा ४४० लिटर पाणी लागते. आणि शहरी सवयीचा मनुष्य याहून अधिक पाणी वापरतो. ज्या महिन्यात घरची स्त्री हंड्याने पाणी आणते त्या महिन्यात पाहुण्याची अंघोळ कोणाच्या डोक्यावरून येणार, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःस विचारावा.

म्हणून पाहुण्यांचे महिने ठरवून घेणे श्रेयस्कर. जून-जुलै हे पेरणी व डवरणीचे दिवस. शेतकऱ्यास मान वर करावयास फुरसत नसते. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची काढणी व मळणी चालते. मार्च ते मे या काळात पाण्याची ओढ असते. या महिन्यांत पाहुणे बोलावू नयेत. पोळ्याच्या आगेमागे, म्हणजे ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, शिवार हिरवे असते, बैलांची सजावट व मिरवणूक पाहावयास मिळते आणि कामाचा ताणही थोडा सैल असतो. दुसरा व अधिक चांगला काळ नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा होय. या दिवसांत तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे आणि हुरडा असतो. विहिरीत पाणी असते आणि हवा सुखद असते. वर्षभर पाहुण्यांची वाट पाहण्यापेक्षा या चार-साडेचार महिन्यांत थोडे पण नीट करावे.

हुरड्याचा प्लॉट : पाहुण्यास मेवा, जनावरास चारा

एके काळी या भागात ज्वारीखाली मोठे क्षेत्र होते. सोयाबीनचा प्रसार झाल्यापासून ते आक्रसले आणि त्याबरोबर घरचा कडबाही कमी झाला. हिवाळी पाहुण्यांच्या निमित्ताने ज्वारीला पुन्हा थोडी जागा देता येईल. हुरड्यासाठी फुले उत्तरा, ट्रॉम्बे अकोला सुरुची यांसारखे खास वाण कृषी विद्यापीठांनी प्रसारित केलेले आहेत. त्यांचे दाणे गोड व मऊ असून कणसातून सहज सुटतात. बियाण्यासाठी कृषी विज्ञान केंद्राशी किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाशी संपर्क साधावा.

दहा गुंठे जमीन यासाठी पुरेशी आहे. रब्बी ज्वारीस हेक्टरी दहा किलो बियाणे लागते, त्या हिशेबाने दहा गुंठ्यांस एक किलो पुरते. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. हुरडा पेरणीपासून साधारण ९० ते १०० दिवसांत तयार होतो आणि कणीस खाण्यायोग्य अवस्थेत थोडेच दिवस राहते. म्हणून सगळा तुकडा एकदम न पेरता त्याचे तीन भाग करावेत व सप्टेंबरच्या मध्यापासून दहा-दहा दिवसांच्या अंतराने पेरावेत. अशा रीतीने डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीपर्यंत कोवळी कणसे मिळत राहतील. दाणे भरू लागले की पाखरांपासून राखण करावी लागते, हे विसरू नये.

गोवऱ्यांची आगटी पेटवून निखाऱ्यात कणसे भाजावीत, हातावर चोळावीत आणि शेंगदाण्याची किंवा लसणाची चटणी, दही व गूळ यांबरोबर गरम दाणे वाढावेत. कणसे खुडल्यावर उभी धाटे हिरवी असतात, ती जनावरांस चारा म्हणून उपयोगी पडतात. पाहुणा एखादे वर्षी आला नाही तरी हा प्लॉट वाया जात नाही. पाहुण्यासाठी म्हणून केलेली प्रत्येक गोष्ट अशीच, पाहुणा नसतानाही घराच्या उपयोगी पडणारी असावी.

घर, पाणी आणि शौचालय

हाच नियम घराच्या सोयींस लावावा. पाहुण्यासाठी नवीन बंगली बांधण्याची घाई करू नये, त्यासाठी कर्ज तर मुळीच काढू नये. हवेशीर अशी एक खोली, स्वच्छ अंथरूण-पांघरूण, मच्छरदाणी, दाराला आतून कडी आणि रात्रीसाठी दिवा एवढे असले म्हणजे आरंभास पुरे. भिंतीस चुना व अंगणास सडा याहून निराळी सजावट लागत नाही.

पिण्याचे पाणी मात्र निर्दोष हवे. साठवणीच्या टाकीतील १,००० लिटर पाण्यास ५ ग्रॅम चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर पुरते. ती आधी बादलीभर पाण्यात कालवून गाळ खाली बसू द्यावा, वरची निवळ टाकीत ओतावी आणि अर्ध्या तासानंतर पाणी वापरावे. शंका असल्यास पाणी उकळून, गाळून ठेवावे. पाणी घेण्यासाठी लांब दांड्याचे ओगराळे किंवा तोटीचे पिंप वापरावे. त्यात हात बुडवू नये.

शौचालय दोन शोषखड्ड्यांचे असावे. एक खड्डा भरला की दुसरा वापरात घ्यावा. पहिल्यातील मैला कुजून त्याचे खत होते. न्हाणीचे सांडपाणी रस्त्यावर न सोडता एक मीटर लांब, रुंद व खोल असा शोषखड्डा घेऊन त्यात दगड व विटांचे तुकडे भरून जिरवावे किंवा परसातील केळी व भाजीपाल्यास द्यावे. या सोयी झाल्या तर पाहुणा येवो न येवो, घरातील मुलाबाळांचे आजार कमी होतील आणि डासांचा उपद्रव घटेल.

सुरक्षितता

शहरातील माणसाला, विशेषतः मुलांना, शेतातील धोक्यांची कल्पना नसते. कठडा नसलेल्या विहिरीजवळ त्यांना एकटे जाऊ देऊ नये; शक्य तेथे कठडा बांधून घ्यावा. नुकतीच औषधफवारणी झालेल्या शेतात पाहुण्यास नेऊ नये व कीटकनाशकांचे डबे कुलपात ठेवावेत. रात्री बाहेर पडताना पायात बूट आणि हातात विजेरी असावी. सर्पदंश झाल्यास मांत्रिकाकडे वेळ न दवडता रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आणि जवळच्या आरोग्य केंद्राचा पत्ता खोलीत ठळक अक्षरांत लावून ठेवावा. विजांचा कडकडाट होत असता झाडाखाली थांबू नये, हे पाहुण्यास आधीच सांगावे.

दर आणि घरच्या स्त्रीचे श्रम

पाहुण्याकडून पैसे कसे घ्यावेत, असा संकोच पुष्कळांना वाटतो. अतिथीस देव मानण्याची आपली रीत आहे आणि ती चांगलीच आहे. परंतु जो ठरवून, मोल देऊन राहावयास येतो त्याच्याकडून योग्य मोबदला घेण्यात कमीपणा नाही. दर आधी सांगावा, नंतर वाढवू नये. तो ठरविताना धान्य, भाजी, दूध, सरपण किंवा गॅस, वीज व धुलाई यांचा खर्च लिहून काढावा. घरचे आहे म्हणून दुधाची किंवा डाळीची किंमत शून्य धरू नये.

या यादीत एक रक्कम बहुधा लिहिलीच जात नाही, ती म्हणजे घरच्या स्त्रीच्या श्रमाची. पहाटे चहा तिने करावयाचा, भाकऱ्या तिने थापावयाच्या, अंथरुणे तिने धुवावयाची, शेतातील खुरपणीही तिनेच करावयाची आणि पैसे मात्र दुसऱ्याने मोजून घ्यावयाचे, असे झाले तर पाहुण्याचा विसावा तिच्या विसाव्यातून कापून दिला, असे होईल. म्हणून पाहुणे घेण्याचा निर्णय तिला विचारून व्हावा, तिची मजुरी हिशेबात धरावी आणि ती तिच्या बँक खात्यात जमा व्हावी. महिला बचत गटांनी पाळीपाळीने जेवणाची जबाबदारी घेतली तर एकाच घरावर भार पडत नाही व उत्पन्नही वाटले जाते.

शासनाच्या योजना

महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. त्यानुसार शेतकऱ्यास, तसेच शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेस, पर्यटन संचालनालयाकडे आपल्या केंद्राची नोंदणी करता येते. राहत्या घरातील खोल्या पाहुण्यांस देऊ इच्छिणाऱ्यांसाठी ‘निवास व न्याहारी’ योजना आहे. महिला उद्योजकांसाठी २०२३ साली ‘आई’ हे पर्यटन धोरण आले. त्याअन्वये महिलांच्या मालकीच्या व त्यांनीच चालविलेल्या पर्यटन व्यवसायास १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा ठरावीक मर्यादेत परतावा मिळण्याची सोय आहे. मात्र योजना आहे म्हणून कर्ज काढावे, असे नव्हे. आधी एक हंगाम घरच्या खोलीवर अनुभव घ्यावा, जमाखर्च पाहावा आणि मगच पुढचे पाऊल टाकावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अर्ज भरून देण्यापुरतेच आपले काम मर्यादित न ठेवता हा जमाखर्च लिहिण्याची सवय शेतकऱ्यास लावावी.

गावाची मर्यादा, पाहुण्याची मर्यादा

गाव हे प्रदर्शन नव्हे. पाहुण्याने विचारल्याशिवाय कोणाच्या घरात डोकावू नये, स्त्रियांची व मुलांची छायाचित्रे काढू नयेत, उभ्या पिकातून चालू नये, प्लास्टिकचा कचरा मागे ठेवू नये, मठ-मंदिर व मशिदीत तेथील रीत पाळावी आणि दारूची बाटली गावात आणू नये. हे नियम ग्रामसभेत ठरवून मराठीत व हिंदीत छापून खोलीत लावावेत. पाहुण्यास ते आधी वाचावयास दिले म्हणजे नंतर कटुता येत नाही. एका वेळी गावात किती पाहुणे असावेत, हेही ग्रामसभेनेच ठरवावे. संख्या कमी ठेवल्याने तोटा होईल, ही भीती व्यर्थ आहे. शांतपणे राहून गेलेला एक पाहुणा पुढच्या वर्षी दुसरा पाहुणा पाठवितो.

पाहुण्यांचे उत्पन्न शेतीची जागा घेईल, अशी आशा कोणी धरू नये. तो जोडधंदा आहे. पाऊस दगा देतो, भाव पडतो, अशा वर्षी घरखर्चास त्याचा आधार व्हावा, एवढेच त्याचे प्रयोजन. शेती सुटली आणि केवळ पाहुणचार उरला तर पाहुण्यास पाहावयाचे तरी काय राहील?

शेतकरी बंधू-भगिनींनी व कार्यकर्त्यांनी यंदाच्या हिवाळ्याआधी तीन कामे करून पाहावीत. सप्टेंबरात हुरड्याचा दहा गुंठ्यांचा तुकडा पेरावा, घरचा शोषखड्डा व शौचालय नीट करून घ्यावे आणि ग्रामसभेत पाहुण्यांचे महिने, संख्या व नियम ठरवावेत. या तिन्ही कामांचा पहिला लाभ गावालाच आहे. ही कामे झाल्यावर महामार्गावरून वळून एखादे कुटुंब साखरखेर्ड्यास आले तर त्याला दाखविण्यासाठी निराळे काही करावे लागणार नाही. स्वच्छ अंगण, गोड पाणी, आगटीतला हुरडा आणि विजेत्याने बदलूनही न बदललेल्या नावाची गोष्ट, एवढ्यावर त्याचे दोन दिवस सुखाने जातील.